अख्खी उदबत्ती

जपानमधल्या मिकुनी बंदरात ज्याच्या घरी तातामी अंथरलेली होती, तो माणूस कधी ना कधी हिरासे तोकुजिरोच्या हातच्या चटईवर बसलेला होता. पंचावन्न वर्षं तोकुजिरो पेंढ्याच्या जाड थरावर लव्हाळ्याचं हिरवं आच्छादन ताणून शिवत आला. दोरा कोपराने दाबून आवळायचा, त्यामुळे उजव्या कोपराला बैलाच्या खांद्यासारखा घट्टा पडला होता. लोकांच्या बसण्याची एवढी सोय करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं बूड मात्र एका जागी दहा मिनिटं टेकत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जेवतानासुद्धा तो मध्येच उठून दुकानात एखादी पट्टी मोजून यायचा.

त्याची बायको फुजिए नेमकी उलट. रोज सकाळी मागच्या खोलीत, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी ती एक उदबत्ती लावायची, भिंतीकडे तोंड करून, गुडघे जमिनीला टेकवून मांडी घालायची आणि उदबत्ती विझेपर्यंत हलायची नाही. गावच्या मठात शिकवतात तसं ध्यान. तिथली उदबत्ती बिनकाडीची, पार बुडापर्यंत जळणारी; एक उदबत्ती म्हणजे पाऊण तास. एकतीस वर्षं तिने हे केलं. तिथे बसून ती काय करते, हे तोकुजिरोने तिला एकदाही विचारलं नाही. शेजारच्या मासेवाल्याने चौकशी केली की म्हणायचा, "भिंत पडू नये म्हणून राखण करते."

त्याची अडचण वेगळी होती. सकाळी साडेसहापासून त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. शेगडीवर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार तयार, भात तयार, मुरवलेला मुळा चिरलेला. पण वाढणारी भिंतीसमोर. आपल्या हाताने वाटीत सार ओतून घ्यावं, हे काही त्याला जन्मात सुचलं नाही. तो स्वयंपाकघरात बसून खाकरायचा, वाट्या इकडच्या तिकडे सरकवायचा. शेवटी अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी, फुजिए बाजारात गेलेली असताना, त्याने उदबत्त्यांचा डबा उघडला, लव्हाळं कापायची पातळ सुरी घेतली आणि सगळ्या उदबत्त्यांची बुडं बोटभर उडवली. दुसरा कोणी असता तर वेड्यावाकड्या मोडून पकडला गेला असता. हा पडला कारागीर. डब्यातल्या साऱ्या उदबत्त्या पुन्हा एकसारख्या, सुतभर फरक नाही. पुढच्या डब्याला त्याने दोन बोटं उडवली आणि मग तोच शिरस्ता पडला. अर्ध्या तासात फुजिए उठायची, एप्रन बांधायची आणि वाढायला घ्यायची. तिला काही कळलं नाही, याचं त्याला भारी कौतुक होतं.

गेल्या शरदात फुजिएला पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत सगळं आटोपलं. शेवटी शेवटी तिला इस्पितळातल्या उशीला टेकूनही बसवत नव्हतं. एका दुपारी तोकुजिरो खुर्चीवरून तिसऱ्यांदा उठला तेव्हा ती म्हणाली, "अहो, बसा ना जरा."

"बसलोच आहे की."

"मी गेल्यावर असेच घरभर फिरत राहाल. माझं एक ऐका. माझ्या अस्थी घरात आहेत तोवर रोज सकाळी माझ्या जागेवर बसा. एक उदबत्ती. अख्खी."

तोकुजिरोने कबूल केलं. एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी घरातून निघून कुळाच्या थडग्यात जातात. तोवर ती देव्हाऱ्यासमोर पांढऱ्या कापडात असणार होती, आणि तोवर एवढं तरी आपण करू, असं त्याला मनापासून वाटलं.

पहिल्या दिवशी त्याच्या पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या ओलीच्या डागात त्याला मासेवाल्याचं नाक दिसलं आणि मग तेच दिसत राहिलं. चौथ्या दिवशी डोळा लागून कपाळ भिंतीवर आपटलं. श्वास मोजावेत म्हणतात, म्हणून तो मोजायचा. तिसऱ्यापर्यंत यायचा आणि चौथ्याला फुजिएचं इस्पितळातलं खोकणं कानात यायचं. सहाव्या दिवशी त्याचं लक्ष खाली गेलं. तिच्या जागी तातामीवर दोन गुडघ्यांचे दोन खळगे पडले होते आणि लव्हाळं पार झिजलं होतं. साऱ्या गावाच्या चटया त्याने बदलल्या, ही एक राहून गेली होती. उदबत्ती अर्धी असतानाच तो सुई-दोरा आणायला उठला, परत आला, आणि त्या खळग्यांना हात लावायचा धीर त्याला झाला नाही.

मुलगी मिचियो रोज संध्याकाळी नागोयाहून फोन करायची. बाबा, बसलात का? बसलो, असं तो सांगायचा. तेविसाव्या दिवसापर्यंत ते खरंही होतं. त्या दिवशी कापलेल्या उदबत्त्यांचा जुना डबा संपला. फुजिएने इस्पितळात जाण्याआधी आणून ठेवलेला नवा डबा त्याने फोडला. उदबत्त्या लांबलचक होत्या. हात आपसूक सुरीकडे गेला आणि त्याने दोन बोटं उडवली. तिनेही एवढीच जाळली, मग आपल्याला काय धाड भरली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पुढे डिसेंबर लागला. नव्या वर्षाआधी ज्याला त्याला नवी तातामी हवी असते. एका खानावळीच्या बारा चटया अडल्या होत्या. एक सकाळ चुकली, दुसरी चुकली. तिसऱ्या सकाळी वेळ होता, पण देव्हाऱ्याकडे बघायची लाज वाटली, म्हणून तो खोलीत गेलाच नाही. असे आठ दिवस गेले. मिचियोला तो बसलो असंच सांगत होता. बायकोने जन्मात मागितलेली एवढी एक गोष्ट, तीही त्याच्याने झाली नव्हती.

अडतिसाव्या दिवशी अस्थिविधीचं ठरवायला म्हणून तो मठात गेला. एत्सुदो गुरुजी वयाने त्याच्याहून तीस वर्षांनी लहान. त्यांनी चहा दिला आणि त्याने चहा न पिताच सगळं सांगून टाकलं. वचन मोडलं, खोटं बोललो, आपल्या अंगात ते नाहीच. फुजिए एकतीस वर्षांत एक दिवस चुकली नाही, असंही म्हणाला.

"बसायच्या रोज," गुरुजी म्हणाले. "पण मन बसत नाही म्हणून माझ्यापाशी तक्रारही रोज. दुपारी इथे यायच्या ना, तेव्हा."

"दुपारी? इथे?"

"बाजाराच्या पिशव्या दाराशी ठेवायच्या आणि त्या कोपऱ्यात पंधरा मिनिटं बसायच्या. दहा-अकरा वर्षं तरी झाली. तुम्हाला ठाऊक नाही?"

बाजारातून यायला एवढा वेळ कसा लागतो, म्हणून तोकुजिरो तिच्यावर डाफरायचा. पाय दुखतात, हळू चालते, असं ती सांगायची.

"मी एकदा विचारलं, हिरासेबाई, सकाळी घरी बसता, मग परत इथे कशाला? तर म्हणाल्या, घरची उदबत्ती जरा आखूड असते." गुरुजी हसले. "आखूड का, तर म्हणाल्या, आमच्या ह्यांना भूक लागते, पण सांगवत नाही."

तोकुजिरोने गार झालेला चहा एका घोटात संपवला. उदबत्ती कोणी कापली ते त्याने गुरुजींना सांगितलं नाही, आणि गुरुजींनी विचारलं नाही. चुकले ते दिवस चुकले, उद्या बसा, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तो बसला, आणि सुरी न लावलेल्या नव्या डब्यातली अख्खी उदबत्ती बसला. ध्यान जमलं म्हणावं तर तसं काही नाही. पहिला अर्धा तास पूर्वीसारखाच जायचा, पाय, मासेवाल्याचं नाक, राहिलेली कामं. पण शेवटची दोन बोटं उरली की त्याला रडू यायचं, आणि भिंतीकडे तोंड असल्याने ते पुसायची गरज नसायची. एवढाच वेळ आपण तिच्याकडून अकरा वर्षं चोरत होतो आणि ती देत होती, हे त्याला रोज नव्याने कळायचं. रोज तेवढंच दुखायचं.

एकोणपन्नासाव्या दिवशी मिचियो फुलं घेऊन पुढे मठात गेली. तोकुजिरोने काळा सूट चढवला, उदबत्ती लावली आणि त्या दोन खळग्यांत गुडघे टेकवून बसला. पांढऱ्या कापडातली फुजिए बाजूला होती. उदबत्ती दोन बोटं उरली, तेव्हा त्याचे कान आपोआप स्वयंपाकघराकडे गेले. तिथे कोणी खाकरत नव्हतं, वाट्या सरकवत नव्हतं; खाकरणारा इथे भिंतीसमोर होता. उदबत्ती हवी तेवढी जळणार होती. ती आखूड करणारं भुकेलं माणूस आता त्या घरात कोणी उरलं नव्हतं.