हळू झालेला सर्व्हर आणि हळू झालेली मी

मंडळींनो, मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात मयुरी लिहिते. एक शब्द गाळू नको गो बाय!

आज एका दिवसाची रजा घेऊन ती आमच्या गावी, लाटंबार्स्याला आली, माझ्यासोबत पातोळ्या करायला. मी हळदीची पानं पुसून बसले, तोच तिच्या ऑफिसातून फोन. मोठा सर्व्हर हळू झालाय, एक फाईल उघडेपर्यंत चुलीवर तांदळाची पेज शिजून होते म्हणे.

बया लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यालाच विचारते, "काय झालं रे तुला? कुठे अडकलास?"

इतक्या मायेनं मला कधी विचारलं नाही!

"एवढं काय दुखतंय त्याचं?" मी म्हटलं.

"आजी, लाखो फायली एकाच फोल्डरात कोंबल्यात. मला हाक मारताना तू आधी सगळ्या नातवंडांची नावं घेतेस ना, तसं झालंय त्याचं."

तिनं फायली वेगवेगळ्या फोल्डरांत वाटल्या, आणि तो धावायला लागला. पातोळ्या मी एकटीनंच केल्या.

त्याला तीन तास कुरवाळलं. मी उंबरा ओलांडताना जरा रेंगाळले तर म्हणते, "आजी, आटप गो!"

सांगा, माझ्याकडे कोणी असं बघावं म्हणून मी आणखी किती हळू व्हावं?