गोधडीआडची तुळई

गिरगावात आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. खाली दुकानं, वर आमच्या खोल्या आणि खोल्यांपुढे रस्त्यावर आलेली लाकडी गॅलरी. वरच्या मोरीचा पाइप कोपऱ्यात फुटला होता, त्याचं पाणी सतत गॅलरीच्या तुळईवर पडायचं. तुळईचं ते टोक काळं पडून भुसभुशीत झालं होतं. सुरी सहज आत जायची.

घरमालक वाळकेश्वरला. त्याचं दर्शन आम्हाला कधी झालं नाही. महिन्याला त्याचा गुमास्ता यायचा आणि दारातूनच बोलायचा.

"पाइप कधी दुरुस्त करणार?" मी विचारायची.

"बघू. शेठना सांगतो."

"मागच्या वेळीही सांगत होतात. गॅलरी पडेल एक दिवस."

"मग गॅलरीत उभं कशाला राहता, बाई?"

"गॅलरी मग पूजेला बांधलीय का?"

तो हसायचा आणि पुढच्या दाराशी जायचा.

म्युनिसिपालटीत तक्रार करता आली असती. पण मागच्या गल्लीतली चाळ अशाच तक्रारीनंतर धोक्याची ठरवून रिकामी केली होती, दुरुस्तीपुरती म्हणून. ती माणसं विरार-कल्याणकडे पांगली आणि परत आली नाहीत. तेव्हा आमच्या मजल्याने एकमताने ठरवलं, की बोभाटा करायचा नाही. म्युनिसिपालटीचा माणूस फुटपाथवरून मान वर करून चाळी पाहत येतोय असं कळलं, की त्या कोपऱ्याच्या कठड्यावर एक जाड गोधडी वाळत पडायची. ती खाली लोंबून तुळईचं टोक बरोबर झाकायची. तो निघून जायचा आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडायचो. उंबरा आणि गॅलरीची पहिली फळी यांच्यामध्ये पूर्वी काडी जात नव्हती. नंतर माझी दोन बोटं जाऊ लागली. ती मी रोज घालून पाहायची, आणि कोणाला सांगायची नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गोळीबार होऊन गेला होता. फटाका वाजला तरी बायका मुलांना आत ओढायच्या. तरीही मोर्चा आला की सगळी चाळ गॅलरीत, कारण आपापली माणसं त्या गर्दीत शोधायची असायची.

त्या दुपारी आमच्या मजल्यावरचे पुरुष खाली मोर्चात होते. वरच्या मजल्यावरच्या बायकाही आमच्याच गॅलरीत उतरल्या, इथून तोंडं ओळखू येतात म्हणून. मी दारात उभी होते. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही आरोळी कोपऱ्यावरून आली आणि सगळ्या जणी एकदम कठड्याशी सरकल्या. पायाखाली कुरकुर झाली, रात्री जुना पलंग करतो तशी. मी खाली पाहिलं. उंबऱ्याच्या फटीतून मला रस्ता दिसला. माणसांच्या टोप्या दिसल्या.

ओरडावं असं आधी वाटलं, पण ओरडले असते तर सगळ्या एकदम पळाल्या असत्या. त्या धावण्यानेच गॅलरी गेली असती. एकेकीला हळू आत आणायला हवं होतं, आणि कारण असं हवं होतं की कोणी नाही म्हणू नये.

मी देवापुढचा हळदीकुंकवाचा करंडा उचलला.

"आत या हो, कुंकू लावते."

"भरदुपारी कसलं हळदीकुंकू? मोर्चा जाईल की!"

"नवस होता. बसा पाटावर. पोरालाही घ्या आत."

नवसापुढे कोणी बोललं नाही. एक आत गेली, बसली. मग दुसरी. मी गॅलरीतच भिंतीला धरून एकेकीला बोट टेकवत आत धाडत होते, लक्ष फळ्यांकडे होतं, एकीचं कुंकू पार नाकावर गेलं. "अगो, डोळे आहेत की नाहीत?" ती म्हणाली. मी म्हटलं, "आत जाऊन पुसा."

शेवटची आत गेली तेव्हा मला कळलं, की माझ्या सासूबाई कुठे आहेत ते मी पाहिलंच नव्हतं.

त्या विधवा. घरात हळदीकुंकू असलं की त्या न सांगता बाजूला होत. मी करंडा घेऊन बाहेर आले तशा त्याही सवयीने बाजूला झाल्या होत्या, आणि एकेक पाऊल सरकत थेट त्या कोपऱ्यात गेल्या होत्या. पाइपाखाली. कुजक्या टोकावर.

"आई, इकडे या."

"मी कशाला? चालू दे तुझं." आणि मी पुढे पाऊल टाकलं तशा त्या आणखी मागे झाल्या, कठड्याला टेकल्या. माझ्या हातात करंडा होता ना. मी जितकी जवळ जाईन तितक्या त्या मागे जाणार होत्या.

कठडा बाहेर कलला. त्यांचं लक्ष खाली मोर्चाकडे.

मी मागे फिरले, करंडा आत एकीच्या हातात दिला आणि रिकाम्या हातांनी दारातून म्हटलं, "आई, दूध उतू जातंय."

"एवढ्या बायका घरात आणि दूध उतू जातं?" त्या तरातरा निघाल्या. फळ्यांवर त्यांचं प्रत्येक पाऊल मला ऐकू येत होतं. दार आलं तसं मी त्यांचं मनगट धरून आत ओढलं. पाठीमागे काडकन आवाज झाला. आतल्या बायका किंचाळल्या, "गोळीबार!" आणि मुलांवर ओणव्या झाल्या.

गोळीबार नव्हता. कोपऱ्यातला कठडा दोन फळ्यांसकट खालच्या कोपऱ्यातल्या दुकानाच्या पत्र्यावर पडला होता. पत्र्याने तो अडवला, म्हणून खाली कोणाला लागलं नाही. मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

संध्याकाळी मजल्यावरचे सगळे आमच्या खोलीत जमले. म्युनिसिपालटीचा माणूस सकाळी पडझड पाहायला येणार होता. कोणी म्हणालं, पडलेलं उचलून ठेवू, उरलेल्या तुळईवर गोधडी टाकू. माझे यजमानही तेच म्हणाले. "खोली गेली तर जायचं कुठे?"

तीही भीती खोटी नव्हती.

सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "दूध तर तू तापवलंच नव्हतंस."

"नाही."

सकाळी उठले तर गोधडी दोरीवर नव्हती. त्यांनी ती घडी करून आपल्या ट्रंकेत घातली होती, वर स्वतः बसल्या होत्या, आणि म्युनिसिपालटीचा माणूस जिना चढताना त्यांनीच त्याला खणखणीत आवाजात हाक मारली, "इकडे या, तुम्हाला तुळई दाखवते."