तारेचं दुसरं टोक

शहापुरातल्या कित्येक कललेल्या भिंती मंगरू मिस्त्रीनं सावरल्या, पण त्याच्या स्वतःच्या घरातली भिंत मात्र वर्षानुवर्षं तडा घेऊन उभी होती. घराची वाटणी झाली तेव्हा ही विटा-मातीची भिंत मधोमध आली. अलीकडे मंगरू, पलीकडे धाकटा भाऊ परसराम. वाटणीत दोघं असे काही भांडले की पुन्हा एकमेकांशी बोललेच नाहीत. पुढे बायको वारली आणि मंगरू एकटा उरला.

मिस्त्रीच्याच घरात तडा, म्हणून गावाला चेष्टेला विषयच मिळाला. मंगरू हसून वेळ मारून न्यायचा. तडा न बुजवण्याचं खरं कारण सांगायची त्याला लाज वाटे. त्या तड्यातून पलीकडचं घर ऐकू यायचं. भांड्यांचा खणखणाट, परसरामच्या पोरीचं, पंचफुलाचं हसणं. संध्याकाळी ती बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायची, एकेक ओळ, आणि तिच्यामागून अलीकडे मंगरू हात जोडून पुटपुटायचा. एरवी त्याच्या घरात आवाज होता तरी कुणाचा?

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात भिंतीनं पलीकडे पोट काढलं. परसरामची बायको विमलाबाई मंगरूच्या दारात आली. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची रीत नाही. तिनं पदर ओढला आणि भिंतीलाच विचारलं, "काय वं भिंती, माही पोरगी तुह्याच बाजूले झोपते. तिच्या अंगावर पडशीन काय?"

मंगरूनंही भिंतीलाच सांगितलं, "पडशीन कशी? मी आहो ना!"

ती गेल्यावर मात्र तो तड्यापाशी जाऊन बसला. तडा बुजला की पलीकडचं घरही बुजणार होतं.

भंडाऱ्याला टाकीच्या कामावर तो जाळीचा गिलावा शिकला होता. भिंतीच्या दोन्ही अंगांना कोंबडीजाळी लावायची, आरपार भोकं पाडून दोन्ही जाळ्या तारेनं एकमेकींना आवळायच्या, वरून सिमेंट थापायचं. मग जाळी, सिमेंट आणि जुनी भिंत एकजीव होतात. पण तार आवळायला पलीकडेही माणूस लागतो.

अर्धी जाळी, अर्धं सिमेंट पलीकडे पाठवून मंगरूनं पहिल्या भोकातून तार सारली आणि वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं तिला हिसका बसला. विमलाबाईच्या हाताला एवढा जोर नव्हता. मंगरूला रडू आलं, आणि तो रडला. मग दिवसभर दोघे भाऊ एकाच तारेची दोन टोकं ओढत राहिले.

गिलावा होत आला. तड्याचं तोंड तेवढं उरलं. मंगरूनं तिथं तोंड नेलं.

"परसराम, बरा आहेस ना रे?"

पलीकडे थापी थांबली.

"लिप आता," परसराम म्हणाला. "पाणी येऊन राहिलं."

मंगरूनं लिपलं.

संध्याकाळी त्यानं भिंतीला कान लावला. काही म्हणजे काही ऐकू येईना. काम पक्कं झालं होतं, पोर निर्धास्त झोपणार होती. त्रिशरणाची वेळ झाली तसे त्यानं हात जोडले, आणि तिची पहिली ओळ येईल म्हणून सवयीनं थांबून राहिला.