तायडे सरांचं शून्य

कारखान्यात शिरल्यावर तायडे सर आधी कुंकू शोधायचे. मालक चहा सांगतोय, मॅनेजर फाइल उघडतोय, आणि आमचे सर चष्मा कपाळावर ढकलून यंत्राला नाक लावून उभे! आणि हा माणूस स्वतः कधी कुठल्या पूजेला गेला नाही बरं का. आमच्या वऱ्हाडात दसऱ्याला प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. चालत्या यंत्रावरचं कुंकू हादऱ्यांनी झडतं, तेल पिऊन काळं पडतं. बंद यंत्रावरचं स्वस्तिक मात्र जसंच्या तसं. "पाहा मॅडम," सर हळूच म्हणायचे, "नवरी मांडवातच बसून हाये. नांदाले गेलीच नाई."

मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सर तिथेच यंत्र विभागात होते, मूळचे बार्शीटाकळीचे. एका परदेशी विद्यापीठानं आमच्या कॉलेजला काम दिलं होतं. नव्यानं कारखानदारीकडे वळलेल्या देशांत पर्यावरण राखणारं तंत्रज्ञान स्वतः घडवायची कुवत किती, ते मोजायचं. आमच्या वाट्याला अमरावती आणि अकोल्याकडचे कारखाने आले. सरांनी पाहून गुण द्यायचे, मी त्यांवरून निर्देशांक काढायचा.

प्रश्न तिकडूनच ठरून आले होते. असं यंत्र आहे का? पेटंट किती? सरांचं डोकंच फिरलं. "तबला विकत आणला म्हणून कोणी तबलजी होते का, बाप्पा? बिघडल्यावर कोण उघडते, थे विचारा ना!" मग तो प्रश्न ते स्वतःच सगळीकडे विचारू लागले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळे : कंपनीचा माणूस येतो, पुण्याहून नाहीतर गुजरातेतून. मोर्शीकडच्या एका कारखान्यात मात्र तिथल्या लोकांनी संत्र्याची सालं वाळवायचं यंत्र पुन्हा पुन्हा खोलून आपल्याजोगं करून घेतलं होतं. पेटंटबिटंट काही नव्हतं. सरांनी भरभरून गुण दिले आणि परतताना गाडीभर बेसूर गात बसले. इतकं खूश मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

अकोल्याजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचा मोठा प्रकल्प होता. परदेशी बनावटीचा, निळाशार, आणि पंपावरचं स्वस्तिक कोरं करकरीत. शेजारच्या झाकलेल्या हौदातून कुजलेल्या पाण्याचा वास येत होता. सरांनी आपला प्रश्न विचारला. मॅनेजर हसला. "बिघडनच कसं, सर? चालवतोच कुठं आपण!" इतक्या भोळेपणानं बोलला की मलाही हसू फुटलं. सर हसले नाहीत. त्यांनी शून्य दिलं.

त्या शून्यावरून कॉलेजात महाभारत झालं. डायरेक्टर म्हणाले, "अहो तायडे, एवढं मोठं यंत्र डोळ्यांसमोर उभं आहे आणि शून्य? जिल्ह्याचं नाव खाली जाईल."

"साहेब, मी कुवत मोजून राहिलो. लोखंड नाई."

सरांना त्या कामातून काढलं. मी भांडले, तर माझंही काम दुसऱ्याकडे गेलं. शून्याच्या जागी पैकीच्या पैकी गुण पडले आणि हत्तीचे दाखवायचे दात मोजून अहवाल परदेशी रवाना झाला. माझा संताप संताप झाला होता, पण विचारतो कोण?

ते गुण पाहून परदेशी पाहुणे कारखाना बघायला यायचे ठरले. आता पाहुण्यांसमोर प्रकल्प चालायला नको? पंपाला पाणी चढेना, हौदाच्या तळाची झडप गंजून बसलेली. ती उघडायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी झाकण काढून प्रल्हाद नावाच्या मजुराला तसंच खाली उतरवलं. ना दोर, ना काही. हौदात साचलेल्या वायूनं तो खालीच मेला.

प्रल्हाद सरांच्याच गावचा. आम्ही दोघं बार्शीटाकळीला गेलो तेव्हा त्याची बायको संगीता भिंतीला टेकून बसली होती. सरांना पाहून म्हणाली, "भाऊ, तुमीच आलते ना कारखाना तपासाले? मंग तुमाले दिसलं नाई काय?" अगं बाई, यांनीच तर सांगितलं होतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. सरांनी मान हलवून मला थांबवलं. "चुकलं, बाई," एवढंच म्हणाले.

परतताना मी चिडले. "तुमचं काय चुकलं हो? उगाच कशाला अंगावर ओढून घेता?"

"हौदाचं झाकण काढून पाह्यलं नाई मी. कुंकू पाह्यलं, शून्य देल्लं, अन् घरी येऊन जेवलो."

त्यानंतर सरांनी मोजणीचं नाव काढलं नाही. सुट्टीच्या दिवशी लाल रंगाचा डबा घेऊन कारखान्या-कारखान्यांतून हिंडायचे आणि हौदांवर लिहायचे : आत उतरू नका, जीव जाईल. काही मालक लिहू द्यायचे, बरेचसे हाकलून लावायचे. तायडेंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई. मी एकदोघांना चांगलं फैलावर घेतलं, पण माणूस खंगत चालला होता हे खरंच. गेल्या उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले. मी घरात ढसाढसा रडले.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या शोककार्यक्रमाला, संगीता गावाहून आली होती. मागच्या रांगेत पदर सावरून बसली होती. मला राहवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी त्या कारखान्याला शून्य दिलं होतं, वरच्यांनी ते बदललं, सरांचा काडीइतका दोष नव्हता.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"देल्लं असंन," ती म्हणाली. "देवमाणूस होता. पण मॅडम, थे शून्य तुमी परदेशात धाडून राहिले होते. हौदात त आमी उतरत होतो. आमाले काहून नाई सांगतलं?"