सरांची पात्रता

सरांनी आयुष्यभर लोकप्रशासन शिकवलं. वर्गात त्यांचं एक बोलणं ठरलेलं असे. "कारकुनाच्या हाती मर्जी दिलीत, की ओळखीपाळखीचे आत आणि गरीब बाहेर. नियमाला डोळे नसतात, हीच त्याची दया." पोरं मागून त्यांना 'नियमावली' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

निवृत्तीनंतर अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. बायको आधीच वारलेली. मुलगी कारखान्यात, सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. सरकारी योजनेतून एक मदतनीस दिवसभर येई, म्हणून घर चाललं होतं.

मग फेरतपासणी निघाली. तपासायला आलेली अधिकारी सरांचीच जुनी विद्यार्थिनी. टॅबवर बघत तिनं विचारलं, "सर, खुर्चीतून आपलं आपण उठता येतं?"

"कधी येतं, कधी नाही."

"इथं 'हो' नाहीतर 'नाही' एवढंच आहे." तिनं आवाज खाली आणला. "मी 'नाही' लिहिते."

"खबरदार!" खुर्चीचा हात धरून सर लटपटत, घामाघूम होत उभे राहिले. "हे बघ, उठलो. खरं ते लिही."

"बाबा, एकदा तरी गप्प बसा हो!" तपासणीसाठी रजा घेऊन थांबलेली मुलगी दारातून ओरडली.

'हो' लिहिलं गेलं. मदतनीस बंद झाली.

मुलीनं चपला झिजवल्या. खिडकीवरचा म्हणे, निर्णय संगणकाचा. साहेब म्हणे, मला त्यात हात घालता येत नाही. वरच्या कार्यालयात म्हणे, खालून शिफारस आणा. विद्यार्थिनीनं शिफारस पाठवली, तर ओळखीच्या माणसाची बाजू घेतली म्हणून तिलाच नोटीस.

एका सकाळी, मुलगी कामावर गेल्यावर, सर न्हाणीघरात पडले. ती परतेपर्यंत ओल्या फरशीवर तसेच. खुबा मोडला होता.

रुग्णालयात विद्यार्थिनी उशाशी बसून रडली. "तुम्ही खरं बोललात म्हणून हे झालं, सर."

"खरं कुठं गं? खरं होतं 'कधी कधी'. त्याला मीच कधी जागा ठेवली नाही."

नव्या अर्जाला उत्तर आलं: रुग्ण रुग्णालयात असल्याने घरच्या मदतीस अपात्र. मुलीनं ते वडिलांना सांगितलं नाही. नोकरी सोडून ती त्यांना घरी घेऊन गेली. आता दोघांचं कसं भागणार, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.