तिच्या चुलीवरचे दोन महिने

भाजी या वस्तूवर माझा राग आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. दोडका म्हणजे पाणी. कोहळं म्हणजे गोड पाणी. पालक चिरला तर टोपलंभर आणि शिजला तर मूठभर, असल्या फसव्या वस्तूला अन्न म्हणायला मी कधीच तयार नव्हतो. पोंभुर्ण्याच्या अलीकडे जंगलाला लागून आमचं गाव आहे. गावाला तलाव आहे, आणि धानाच्या बांध्यांत पाणी साचलं की मासोळी पायात येते. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाला कोहळं खायला सांगणारा डॉक्टर मला वैरीच वाटला.

डॉक्टर चंद्रपूरचा. आषाढ लागता लागता माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला होता, तांबडालाल, चकचकीत. चादरीचा काठ लागला तरी मी ओरडायचो. त्यानं रक्त तपासलं, कागद पाहिला आणि आपलं पोट टेबलाच्या कडेला टेकवून म्हणाला, "युरिक अॅसिड वाढलंय, सर. दोन महिने मटण, मासे, सुकट, सगळं बंद. डाळसुद्धा बेतानं. नाहीतर पुढच्या वेळी गुडघा धरेल."

"मग खाऊ काय?"

"भाजी खा ना," तो म्हणाला, जणू ती रस्त्यावर पडलेली असते.

ऐकावं लागलं, कारण पायावर माझी भाकरी आहे. मी शिक्षक आहे, पण लोक समजतात तसा पगारवाला नव्हे. शाळा विनाअनुदानित. पुढच्या वर्षी अनुदान येणार, हे ऐकत माझे केस पांढरे झाले. शाळा सहा किलोमीटरवर, मी सायकलनं जातो. संस्थाचालकाचा भाचा बी.एड. होऊन घरी बसलेला, आणि माझ्या लंगडण्याची चौकशी तो फार प्रेमानं करायचा. महिनाभर मी खाटेवर पडलो असतो तर माझ्या खुर्चीत तो दिसला असता. तेव्हा त्या भाच्याला खुर्ची मिळू नये म्हणून मी शाकाहारी झालो. याहून उदात्त कारण माझ्याकडे नव्हतं.

घरात शाकाहारी माणूस होतंच. बायको वरोऱ्याकडची, कापसाच्या मुलखातली. तिच्या बापाच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि लग्नाच्या आधी तिनं अंडंसुद्धा हातात धरलेलं नव्हतं. आमच्या घरी आल्यावर दोन चुली झाल्या. आतली तिची आणि मागच्या सपरीतली, म्हणजे पडवीतली, माझी. मटण, मासोळी, सुकट जे काही असेल ते सपरीत शिजायचं. शिजवायची तीच, पण चाखायची नाही. पळीवर रस्सा घेऊन माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "मीठ पाहा." मी म्हणायचो, कमी हाय. पंचवीस वर्षं मीठ कमीच होतं. मी आणि दोन्ही पोरी, त्या सासरी जाईपर्यंत, तिथंच सपरीत जेवायचो. आम्हाला वाढलं की ती हातपाय धुऊन आत जायची, आपलं काही करायची आणि एकटी जेवायची. तोवर मी तंबाखूचा खर्रा खायला चौकात पोचलेलो असायचो.

एक गोष्ट मात्र मी गावभर मिरवली. बायकोला मी कधी जबरदस्ती केली नाही. आमच्या भागात माळकऱ्याची पोरगी सासरी आली की वर्षभरात तिला मासोळी खायला लावतात, खाल्ली नाही की टोमणे. मी तसला नाही. तू तुझं खा, मी माझं खातो, असं मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं फारसं काही नाही, म्हणून हे मी जपून ठेवलं होतं.

आता त्या आतल्या चुलीवर माझी पाळी आली.

मी शाकाहारी व्हायला महिनाही नेमका आषाढ निवडला. आखाडीला गावात घरोघरी कोंबडं कापलं जातं. शेजारच्या घरातून मसाला भाजल्याचा वास भिंत ओलांडून यायचा आणि माझ्या ताटात तरोट्याची भाजी. बाजारात वांगी अशा भावानं बसलेली की त्यांना हात लावायची सोय नव्हती. बायको चार बायांबरोबर जंगलाच्या कडेला जायची. वाघाच्या भीतीनं आता कुणी एकटं जात नाही. येताना ओटीत तरोटा, कुड्याची फुलं, कधी बांबूचे कोवळे कोंब आणायची, त्यांना आम्ही वास्ते म्हणतो. फुकटचं ते पौष्टिक, असं वरून मला ऐकवायची. कुड्याची फुलं कडू. माझं तोंड आधीच कडू होतं, त्यात ही भर.

मासोळीवाली बाई दारावरून जायची ती थांबून विचारायची, "गुरुजी, आज काऊन नाई? पाहा न, ताजी हाय."

"बंद हाय."

"किती दिवस?"

"दोन महिने."

तिनं डोक्यावरचं टोपलं एका हातानं सावरलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी कोनाचं काई वाईट झालं का?"

मी दार लावून घेतलं.

शाळेत डबा उघडायची लाज वाटायची. घरी मी प्रत्येक जेवणाला भांडायचो. भाजीत तेल नाही, भाजीत चव नाही, भाजीत भाजी नाही. ती ऐकून घ्यायची आणि दुसरी पोळी वाढायची. तिच्या गप्प बसण्यावर माझा जास्त राग होता. आमचे हाल पाहून तिला आतून गुदगुल्या होत असणार, अशी माझी खात्री झाली होती. आणि एक दिवस पुरावाच मिळाला. शेजारीण कुंपणावरून तिला म्हणत होती, "बाई, तब्येत सुदरली हो तुमची. गाल भरले."

"घरचंच खाऊन राह्यली न," ती म्हणाली.

मी खाटेवरून पाहिलं. खरंच गाल भरले होते. हातातल्या बांगड्या एरवी कोपरापर्यंत घसरायच्या, त्या मनगटावरच बसल्या होत्या. माझा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि ही बाई फुलत होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंचवीस वर्षं दबून होती, आता माझी जिरली तर हिला अन्न अंगी लागतंय, असाच अर्थ मी काढला.

दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही.

त्याच रात्री खाटेवर पडल्या पडल्या मला जुना वास आठवला. मटणाच्या दिवशी मी सपरीत जेवत असताना आतून एक वास यायचा. खरपूस, झणझणीत, लसणाचा. तोंडात मटण असतानासुद्धा मान वळावी असा. म्हणजे ही स्वतःसाठी काहीतरी चमचमीत करत होती आणि मला मात्र कुड्याची फुलं! सकाळी उठून मी सरळ विचारलं.

"मटनाच्या दिवशी तू का करत होती तुह्यासाठी?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "काऊन?"

"वास ये न घमघम. ते कर मले."

"ते नाई करत मी."

"मले नाई द्याचं का?"

"तुमाले नाई आवडत ते."

"मले का आवडते, का नाई आवडत, ते मी सांगीन."

तीन दिवस मी तोच हेका धरला. ती तीन दिवस तरोटा वाढत राहिली. चौथ्या दिवशी बाजार होता. मी बाजारात गेलो, दोन चकरा मारल्या आणि मुद्दाम रिकामी पिशवी घेऊन परत आलो. म्हटलं, आता काय करते पाहू. वरून पाऊस, जंगलात जायची सोय नाही, घरात भाजीचं पान नाही. तिनं पिशवी उलटी केली, झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

थोड्या वेळानं वास आला. तोच. मी उठून, लंगडत, आतल्या चुलीपाशी जाऊन बसलो. लग्नानंतर तिथं बसून जेवायची माझी ती पहिलीच वेळ असावी. तिनं ताट ठेवलं. ताटात भात, भातावर त्याचीच पेज. बाजूला निखाऱ्यावर भाजलेल्या दोन लाल मिरच्या, लसणाची पाकळी आणि मीठ, लोट्याच्या बुडानं ठेचलेलं.

मी वाट पाहत बसलो. ती पुढं काही आणेना.

"हे तं चटनी झाली. भाजी कुठी हाय?"

"तुमच्या मटनात," ती म्हणाली.

मला कळलं नाही, म्हणजे लगेच कळलं नाही. तीच मग पातेल्याच्या तळाचा भात खरवडत सांगू लागली. "कांदे तिकडे, तेल तिकडे, मसाला तिकडे. बाजाराचे पैसे तं सारेच तिकडे. एका बाजारात दोन गोष्टी होत नाई आपल्या घरी. मंग इकडे का उरते?"

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुमचं उरलेलं राहे. मंग अंडे, मंग सुकट. पोरीसाठी आलू केले का मी दोन फोडी खाओ."

आठवड्याचे दिवस मी मनात मोजले आणि अर्ध्यावरच सोडून दिले. बाई पंचवीस वर्षं माझ्या घरात मिरची-भातावर जगली होती. आता दोन महिने माझं मटण बंद, म्हणून रोज भाजी शिजत होती, म्हणून गाल भरले होते.

इथं मला दुःख झालं असं लिहायला हवं. पण आधी राग आला आणि तो तिचाच आला. माझ्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती, तीही हिनं चुलीत घातली.

"मंग बोलली काऊन नाई?" मी ओरडलो.

"बोलली होती."

"कधी?"

"लहानी पोटात होती तवा. तुमी म्हनले, मी का तुले जबरदस्ती केली? खाय न तूही मटन."

आवाज चढवला नाही तिनं. भात खरवडायचंही थांबवलं नाही. मला तो प्रसंग आठवत नाही, आजही नाही. पण वाक्य माझंच आहे. माझ्या तोंडची वाक्यं मला ओळखू येतात.

मी जेवलो. चव होती, हे कबूल करतो. पहिल्या चार घासांपर्यंत होती. पाचव्या घासाला जीभ पोळली आणि पोट भाजी मागायला लागलं. पुढच्या बाजारापासून मी भाजी आणायला विसरलो नाही. भांडलोही नाही. भांडण नाही म्हटल्यावर आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलंच नाही. ती वाढायची, मी खायचो.

पोळा तोंडावर आला तेव्हा पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर खूश. म्हणाला, "आता पंधरा दिवसांतून एकदा, थोडंसं चालेल." अंगठा साफ होता. सायकल मी आधीसारखी मारत होतो आणि संस्थाचालकाचा भाचा अजून घरीच होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आमच्याकडे सारं गाव मटण खातं. महिनाभर श्रावण पाळलेले लोक सकाळपासून रांगेत उभे असतात. मीही होतो. माझा नंबर आला तेव्हा मी नेहमीपेक्षा निम्मंच मागितलं. कापणाऱ्यानं दोनदा विचारून घेतलं. उरलेल्या पैशांचे मी दोडके घेतले. कवळे, निवडून. आयुष्यात पहिल्यांदा मी दोडका दाबून पाहिला.

घरी तिनं पिशवी उघडली. मटण बाजूला काढलं आणि दोडके हातात धरून विचारलं, "हे कोनाले?"

"तुले. दुसरं कोन हाय घरात?" मी वसकन म्हणालो. गोड बोलायचं मनात होतं, पण मला ते येत नाही.

तिनं दोडके टोपल्यात ठेवले. सपरीतली चूल दोन महिन्यांनी पेटली. तिनं कांदा भाजला, मसाला वाटला, तेल सोडलं. घरातलं तेल किती होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मटण शिजलं तेव्हा पळी समोर आली.

"मीठ पाहा."

कमी होतं. मी म्हणालो, "बरोबर हाय."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग ताट वाढलं, हातपाय धुतले आणि आत गेली. मी हात ताटातच ठेवून कान देऊन बसलो. दोडका चिरताना विळीवर आवाज होतो. तो आवाज आला नाही. आला तो वास, भाजलेल्या मिरचीचा.

"दोडके का झाले?" मी बसल्या जागेवरून ओरडलो.

"राहू द्या," आतून उत्तर आलं. "उद्या तुमच्या डब्याले होतेत."

उठून आत जायला आता माझा पाय दुखत नव्हता. मी तिथंच बसून राहिलो आणि ताटातलं सगळं खाल्लं.