उताऱ्यातल्या शिवराया

निपाणीत आमचं किराणा दुकान तंबाखूच्या वखारींच्या वाटेवर होतं. दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं की मी गल्ला पाटावर ओतायची आणि त्यातली जुनी नाणी निवडायची. आमचे हे म्हणायचे, "तांदळातले खडे निवड म्हटलं की हिचे डोळे दुखतात!" म्हणोत बापडे. मला त्या तांब्याच्या जाड, वेड्यावाकड्या शिवराई नाण्यांचा नाद लागला होता. सरकारदरबारी त्यांना कोणी विचारत नव्हतं, खेड्यातली माणसं मात्र अजून चालवत. नाण्यावर अक्षरं अर्धीच उमटलेली असायची. उरलेली अर्धी दुसऱ्या नाण्यावर सापडतील या आशेवर मी डबा भरत होते.

सगळ्यात जास्त शिवराया यायच्या शेण्या-गोवऱ्या विकणाऱ्या एका बाईकडून. दर बाजारी ती गूळ न्यायची. तिच्या नाण्यांना हळदीचा वास असायचा. एकदा मी विचारलं, "एवढ्या कुठनं आणतीस गं?"

"तिकटीवरनं, आक्का. उताऱ्यातल्या."

मी हातातली शिवराई चटकन खाली ठेवली. पोर तापलं की दहीभात, लिंबू आणि एक पैसा त्याच्यावरून उतरून तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवायचा आणि मागं न बघता परतायचं, ही आमच्याकडची रीत. जो उचलील त्याला ते दुखणं लागतं. चालतं नाणं घालवणं जिवावर येतं, म्हणून लोक शिवराई ठेवत. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नव्हती!

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"मला काय व्हनार? दोन्ही पोरं पटकीनं गेली, मालक गेला. लागायला ऱ्हायलंय काय?"

त्याच आठवड्यात माझी मुलगी तापानं फणफणली. वैद्यांच्या काढ्यांनी ताप हटेना. फळीवरचा डबा आपोआप किणकिणतोय असं मला वाटू लागलं. हे म्हणाले, "उंदीर असतील." उंदरांना तांब्याची काय गोडी? मला तर प्रत्येक शिवराईत कुणाचं तरी तापलेलं लेकरू दिसत होतं. मी फार घाबरले होते.

तिन्हीसांजेला मी डब्यातलीच एक, काठाला खाच पडलेली शिवराई लेकीवरून उतरली आणि तिकटीवर ठेवून आले. पाठीमागं कुणीतरी दहीभात मचमच खात होतं. कुत्रं असेल असं धरून मी चालत राहिले.

पहाटे ताप उतरला.

बाजारच्या दिवशी ती बाई आली. "पोरगी उठली न्हवं, आक्का?" तापाचं मी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं मूठ उघडली. तीच खाच. "ही मीच तुमास्नी दिली व्हती. बघितल्याबरोबर वळखली."

"टाकून दे ती," मी गयावया केली. "हवा तेवढा गूळ ने, पण टाकून दे."

"टाकली तर आनि कुनाचं तरी पोर उचलंल." तिनं शिवराई पदराच्या गाठीत बांधली. "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. ही मी कुनाला द्यायची न्हाय."

तेवढ्यात माझी लेक आतून आली आणि नेहमीसारखी तिच्याकडं झेपावली. ती चटकन मागं सरली. "नगो बाळ, आज मला शिवू नगंस." रिकामी पाटी उचलून ती उतरणीला लागली. डोक्यावर रणरणतं ऊन होतं, आणि ती थंडी भरल्यासारखी पदर घट्ट ओढून चालली होती.